श्वसनमार्गाच्या जिवाणूसंसर्गात प्रतिपिंड चाचणी: नमुना कधी घ्यावा, कसा हाताळावा, अहवाल कसा वाचावा

तापाच्या तिसऱ्या दिवशी रक्त दिले जाते, अहवालात ‘आयजीएम (संसर्गात आधी तयार होणारी प्रतिपिंडे) निगेटिव्ह’ येते आणि ‘मायकोप्लाझ्मा (न्यूमोनियाचा एक जिवाणू) नाही’ असे ठरवून तो विषय तिथेच संपवला जातो. याउलट ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ एवढे दोन शब्द पाहून (आयजीजी म्हणजे मागून वाढणारी प्रतिपिंडे), कधीकाळी होऊन गेलेल्या संसर्गासाठी आज प्रतिजैविके सुरू केली जातात. या दोन्ही चुका वारंवार होतात आणि दोन्हींचे मूळ एकच असते. या चाचणीत जंतू शोधला जात नाही, जंतूला शरीराने दिलेले उत्तर, म्हणजे प्रतिपिंडे (अँटिबॉडी), मोजले जाते, आणि ते उत्तर तयार व्हायला वेळ लागतो. हा वेळ हिशेबात धरला नाही, तर उत्तम प्रयोगशाळेचा बिनचूक अहवालसुद्धा दिशाभूल करतो.

चाचणी लिहून देणारे डॉक्टर, नमुना घेणारे आणि हाताळणारे तंत्रज्ञ, तसेच अहवाल हातात घेऊन त्याचा अर्थ लावू पाहणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक, या सर्वांसाठी पुढील टप्पे दिले आहेत. यांपैकी कोणाच्याही हातून चूक झाली, तरी ती पुढच्याला दिसत नाही. म्हणून प्रत्येकाने आपल्या आधीचा आणि नंतरचा टप्पाही वाचावा.

टप्पा १ : चाचणीआधी रुग्णाची प्रकृती पाहा

प्रतिपिंड चाचणीच्या निकालावर तातडीचा उपचार कधीही अडवून ठेवू नये. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला ३० किंवा त्याहून अधिक वेळा होत असेल, बोलताना धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, माणूस गोंधळल्यासारखा किंवा गुंगीत असेल, अथवा वरचा रक्तदाब ९० पेक्षा कमी असेल, तर त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. लहान मुलांत श्वासाचा वेग वयानुसार पाहावा लागतो. दोन महिन्यांहून लहान बाळात मिनिटाला ६०, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा त्याहून अधिक श्वास ही धोक्याची खूण आहे. श्वास मोजताना मूल शांत असावे आणि पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणल्यास लहान मुलांत हमखास चूक होते.

*इशारा : न्यूमोनियाचा उपचार लक्षणे, तपासणी, छातीचा एक्स-रे आणि रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण यांवरून सुरू होतो. प्रतिपिंडांचा अहवाल त्या निर्णयाला नंतर दुजोरा देतो किंवा त्याची दिशा सुधारतो.*

टप्पा २ : नेमका कोणता जंतू शोधायचा आहे ते ठरवा

‘श्वसनसंसर्गाची अँटिबॉडी टेस्ट’ नावाची एकच चाचणी नसते. प्रत्येक जंतूसाठी वेगळी चाचणी असते आणि काही जंतूंच्या बाबतीत तिचा निदानासाठी काहीच उपयोग नसतो. त्यामुळे प्रश्न स्पष्ट झाल्याशिवाय रक्त काढू नये.

मायकोप्लाझ्मा न्यूमोनिए हा जिवाणू या चाचणीचे सर्वांत नेहमीचे कारण आहे. त्याला पेशीभित्तिका नसते, म्हणून पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटांतील औषधे त्याच्यावर चालत नाहीत. आठवडाभर रेंगाळणारा कोरडा खोकला, डोकेदुखी, अंगात कणकण आणि नेहमीच्या प्रतिजैविकाने न हटणारा ताप असे चित्र असेल, तर त्याचा विचार करावा. प्रयोगशाळेत तो सहज वाढत नाही, त्यामुळे प्रतिपिंडांचा आधार घेतला जातो. घशाच्या स्वॅबची पीसीआर चाचणी (जंतूची जनुकीय खूण शोधणारी) त्याला लवकर पकडते. मात्र हा जंतू निरोगी मुलांच्या घशातही सापडू शकतो, म्हणून पीसीआर आणि प्रतिपिंडे दोन्ही एकत्र पाहिल्यास अर्थ अधिक पक्का होतो.

क्लॅमिडिया न्यूमोनिए या जिवाणूच्या बाबतीतही प्रतिपिंडे पाहिली जातात, पण ती आणखी सावकाश वाढतात. न्यूमोनिया करणाऱ्या लिजिओनेला या जिवाणूच्या संशयात सुरुवातीला लघवीतील प्रतिजनाची (जंतूच्या स्वतःच्या घटकाची) चाचणी आणि बेडक्याची पीसीआर किंवा कल्चर (नमुन्यातून जंतू वाढवून पाहणे) करावे. लघवीची चाचणी प्रामुख्याने सेरोग्रुप १ हा त्याचा एक उपप्रकार ओळखते, त्यामुळे ती निगेटिव्ह आल्याने लिजिओनेला पूर्णपणे वगळला जात नाही. या आजारात प्रतिपिंडे वाढायला तीन ते नऊ आठवडे लागू शकतात. तोवर रुग्णाच्या उपचाराचा निर्णय केव्हाच झालेला असतो, म्हणून त्यांचा उपयोग मुख्यतः साथीच्या तपासात आणि मागाहून निदान पक्के करण्यात होतो.

डांग्या खोकल्यात क्रम उलटा होता कामा नये. खोकल्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत नाकातून घशाच्या मागच्या भागापर्यंत नेलेल्या स्वॅबचे कल्चर करावे, साधारण तीन ते चार आठवड्यांपर्यंत पीसीआर करावी आणि दोन आठवड्यांनंतर पर्ट्युसिस टॉक्सिनविरुद्धचे (या जंतूच्या विषाविरुद्धचे) आयजीजी पाहावे. रक्ताची चाचणी अगदी सुरुवातीला करून निगेटिव्ह निकालावर समाधान मानणे ही इथली नेहमीची चूक आहे आणि ती महागात पडते, कारण हा रुग्ण सर्वाधिक संसर्ग पसरवतो तो याच दिवसांत.

आता जिथे ही चाचणी करूच नये, त्याबद्दल. न्यूमोकॉकस या जिवाणूमुळे झालेला न्यूमोनिया प्रतिपिंडांवरून ओळखत नाहीत. त्यासाठी रक्ताचे कल्चर, बेडक्याची तपासणी किंवा लघवीतील प्रतिजन पाहतात. न्यूमोकॉकसची प्रतिपिंडे मोजली जातात ती लसीला शरीराने कितपत प्रतिसाद दिला हे पाहण्यासाठी. स्ट्रेप्टोकॉकसमुळे घसा दुखत असेल, तर एएसओ टायटरचा (त्या जिवाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या पातळीचा) त्या दिवशी उपयोग नाही. घशाचा स्वॅब घ्यावा. एएसओ साधारण तीन ते पाच आठवड्यांनी शिखर गाठते आणि ते संधिवाती ज्वर किंवा मूत्रपिंडाचा दाह यांसारख्या नंतरच्या गुंतागुंतीत पूर्वीच्या संसर्गाचा पुरावा म्हणून पाहतात. क्षयरोगाच्या बाबतीत तर शंकेला जागाच नाही. रक्तातील प्रतिपिंडांवर आधारित व्यावसायिक चाचण्या फुप्फुसाच्या किंवा इतर अवयवांच्या क्षयरोगाच्या निदानासाठी वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये स्पष्ट सांगितले. क्षयाचा संशय असेल तर बेडक्याची जनुकीय चाचणी आणि कल्चर हाच मार्ग आहे.

*पडताळणी : सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन ही प्रतिपिंडे नव्हेत. ती दाहाची मोजमापे आहेत आणि पहिल्या एक-दोन दिवसांतच वाढतात, पण कोणता जंतू आहे हे सांगत नाहीत. अहवालात ही नावे पाहून ‘अँटिबॉडी टेस्ट झाली’ असे समजू नये.*

टप्पा ३ : आजाराचा पहिला दिवस निश्चित करा

संपूर्ण प्रक्रियेतील हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि नेमका हाच घाईत उरकला जातो. ‘कधीपासून बरे नाही?’ या प्रश्नाला बहुतेक जण डॉक्टरकडे आले त्याच्या एक-दोन दिवस आधीची तारीख सांगतात, म्हणजे त्रास असह्य झाला तो दिवस. मायकोप्लाझ्माचा आजार मात्र घसा खवखवणे, डोके जड होणे आणि थकवा अशा किरकोळ वाटणाऱ्या लक्षणांनी सुरू होतो, आणि खोकला जोर धरतो तोवर काही दिवस उलटून गेलेले असतात. म्हणून प्रश्न असा विचारावा: ‘शेवटचे अगदी ठणठणीत कधी होता? त्यानंतर पहिली तक्रार कोणती आणि कोणत्या वारी जाणवली?’ वार विचारला की माणसाला कामावरचा एखादा प्रसंग, घरातला एखादा कार्यक्रम किंवा प्रवास आठवतो आणि तारीख पक्की होते. डांग्या खोकल्यात मात्र दिवस मोजायचे ते खोकला सुरू झाल्यापासून.

या तारखेवर पुढचे सारे अवलंबून आहे. मायकोप्लाझ्मात आयजीएम साधारण सातव्या ते दहाव्या दिवसापासून सापडू लागते, तीन ते सहा आठवड्यांत कमाल पातळीला पोहोचते आणि पुढे कित्येक महिने रक्तात राहू शकते. आयजीजी त्याच्या मागून वाढते. क्लॅमिडिया न्यूमोनिएच्या पहिल्या संसर्गात आयजीएम दिसायला दोन ते तीन आठवडे आणि आयजीजी दिसायला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. म्हणजे ‘लवकर निदान’ या शब्दांना इथे मर्यादा आहे. पहिल्या आठवड्यातील निगेटिव्ह निकालाचा अर्थ ‘अजून प्रतिपिंडे दिसत नाहीत’ एवढाच होतो.

टप्पा ४ : रुग्णाची माहिती आणि विनंतीपत्र

तपासणीच्या विनंतीपत्रावर नाव, वय आणि चाचणीचे नाव एवढेच लिहून पाठवणे पुरेसे नाही. आजाराचा पहिला दिवस, नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ, हा पहिला नमुना आहे की दुसरा, तसेच संशयित जंतू या चार गोष्टी असल्याच पाहिजेत. त्याखेरीज पुढील माहिती विचारून नोंदवावी, कारण तिच्यामुळे निकालाचा अर्थच बदलतो.

रुग्णाला गेल्या काही महिन्यांत रक्त, प्लाझ्मा किंवा शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिले असेल, तर सापडलेले आयजीजी दात्यांचे असू शकते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, विशेषतः बी पेशी कमी करणारी औषधे चालू असतील, तर संसर्ग असूनही प्रतिपिंडे तयार होत नाहीत आणि निगेटिव्ह निकालाला किंमत उरत नाही. लहान बाळाच्या रक्तात आईकडून आलेले आयजीजी पहिल्या वर्षातील बराच काळ टिकून राहते. आयजीएम मात्र वारेतून (प्लॅसेंटामधून) बाळाकडे जात नाही, त्यामुळे बाळात सापडलेले आयजीएम सहसा त्याचे स्वतःचे असते. डांग्या खोकल्याची लस मागच्या वर्षभरात घेतली असेल, तर पर्ट्युसिस टॉक्सिनविरुद्धच्या प्रतिपिंडांवरून संसर्ग आणि लस यांत फरक करता येत नाही. संधिवाताच्या रुग्णांत ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर या त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडामुळे आयजीएम खोटे पॉझिटिव्ह येऊ शकते, हेही कळवावे.

केस-नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांतील बायोटिन अधिक मात्रेत असेल, तर काही यंत्रांवरील चाचण्यांत ते अडथळा आणते. रुग्ण आपण होऊन हे सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नसते. म्हणून ‘काही व्हिटॅमिनच्या गोळ्या घेता का?’ असे वेगळे विचारावे.

उपाशीपोटी येण्याची सहसा गरज नसते. मात्र तेलकट, जड जेवणानंतर लगेच घेतलेल्या रक्ताचे सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ द्रव) दुधाळ होते आणि काही पद्धतींत ते चालत नाही, म्हणून जेवणानंतर काही तास जाऊ द्यावेत.

टप्पा ५ : नमुने घेण्याचा क्रम

१. रक्ताचे कल्चर सांगितले असेल तर ते सर्वांत आधी, त्वचा नीट निर्जंतुक करून आणि प्रतिजैविकाची पहिली मात्रा देण्यापूर्वी घ्यावे. रुग्ण गंभीर असेल तर कल्चर आणि मात्रा यांत वेळ दवडू नये.

२. बेडका आणि स्वॅबही शक्यतो प्रतिजैविकापूर्वी घ्यावेत. बेडक्याऐवजी लाळ आली तर तो नमुना परत मागवावा. खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेलाच बेडका उपयोगी असतो.

३. प्रतिपिंडांसाठी शिरेतून ३ ते ५ मिली रक्त साध्या नळीत किंवा जेल असलेल्या सीरमच्या नळीत घ्यावे. दंडाची पट्टी एक मिनिटाहून अधिक काळ आवळून ठेवू नये आणि सिरिंजमधून रक्त नळीत जोराने दाबू नये. पेशी फुटून सीरम लाल झाले की नमुना वाया जातो.

४. नळीवर नाव, ओळख क्रमांक, तारीख आणि वेळ रुग्णासमोरच, रक्त घेतल्यानंतर लगेच लिहावी. आधीच नावे चिकटवलेल्या नळ्यांचा ट्रे घेऊन खाटांमधून फिरणे ही अदलाबदलीची सर्वांत सोपी वाट आहे.

प्रतिजैविक आधीच सुरू झाले असले तरी प्रतिपिंडांचा नमुना घ्यावा. कल्चर त्यामुळे निगेटिव्ह येऊ शकते, पण प्रतिपिंडे लगेच नाहीशी होत नाहीत. फार लवकर सुरू केलेल्या उपचाराने त्यांची वाढ काही वेळा मंदावते, एवढे ध्यानात ठेवावे.

टप्पा ६ : सीरम वेगळे करणे आणि साठवणे

नळी उभी ठेवून रक्त खोलीच्या तापमानाला अर्धा ते एक तास पूर्ण गोठू द्यावे. अर्धवट गोठलेली नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की सीरममध्ये फायब्रिनचे बारीक धागे राहतात आणि यंत्राच्या सुईत ते अडकतात. नंतर १००० ते २००० जी बलाने सुमारे दहा मिनिटे फिरवावे आणि वरचा स्वच्छ, पिवळसर थर दुसऱ्या नळीत काढावा. चाचणी काही दिवसांत होणार असेल तर सीरम २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावे, अधिक काळ ठेवायचे असल्यास उणे २० अंशांवर गोठवावे. ते वारंवार वितळवून पुन्हा गोठवू नये. यासाठी सुरुवातीलाच त्याचे दोन छोटे भाग करणे सोयीचे असते.

*इशारा : रक्त गोठलेले असो वा नसो, सीरम वेगळे केल्याशिवाय ते कधीही फ्रीजरमध्ये टाकू नये.*

कोल्ड अ‍ॅग्लुटिनिन चाचणी सांगितली असेल तर नियम वेगळा आहे. ही प्रतिपिंडे थंडीत लाल पेशींना चिकटतात. नळी बर्फात किंवा फ्रीजमध्ये ठेवली की ती पेशींबरोबर खाली बसतात आणि सीरममध्ये सापडतच नाहीत. म्हणून सीरम वेगळे होईपर्यंत नळी ३७ अंशांवर ठेवावी लागते. ही चाचणी मायकोप्लाझ्माच्या साधारण निम्म्या रुग्णांतच पॉझिटिव्ह येते आणि ती विषाणूंच्या काही आजारांतही येते, त्यामुळे तिच्यावर एकटीवर निदान उभे करू नये.

टप्पा ७ : दुसरा नमुना

हा टप्पा बहुतेक ठिकाणी गाळला जातो. रुग्णाला बरे वाटू लागलेले असते, पुन्हा सुई टोचून घ्यायला कोणी राजी नसते आणि डॉक्टरही आग्रह धरत नाहीत. परंतु एका नमुन्यातील आकडा म्हणजे चालत्या माणसाचे एक छायाचित्र: तो येतो आहे की जातो आहे, हे त्यावरून कळत नाही. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत प्रतिपिंडांचे टायटर (सीरम किती पट पातळ केले तरी प्रतिपिंडे सापडतात तो आकडा) चौपट किंवा त्याहून अधिक वाढले, तर संसर्ग अलीकडचा असल्याचा भक्कम पुरावा मिळतो. लिजिओनेलात हे अंतर अधिक ठेवावे लागते आणि तेथे टायटर चौपट वाढून किमान १:१२८ व्हावे अशी अपेक्षा असते.

दुसऱ्या नमुन्याची तारीख पहिल्या भेटीतच ठरवून रुग्णाच्या कागदावर लिहून द्यावी. पहिल्या नमुन्याचे उरलेले सीरम प्रयोगशाळेला गोठवून जपून ठेवायला सांगावे. दोन्ही नमुने एकाच प्रयोगशाळेत, एकाच किटवर आणि शक्य झाल्यास एकाच फेरीत तपासले जावेत. एका प्रयोगशाळेचा पहिला आकडा आणि दुसरीचा दुसरा आकडा यांची तुलना करून काढलेला निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाही.

टप्पा ८ : अहवालाचे वाचन

प्रथम आकडा पाहू नये. आधी नमुन्याची तारीख आणि आजाराचा पहिला दिवस यांतले अंतर काढावे, ते अहवालाच्या कोपऱ्यात पेनने लिहावे आणि मगच निकालाकडे वळावे.

आयजीएम निगेटिव्ह आणि आजाराचा पहिला आठवडा: निष्कर्ष काढू नये, नमुना पुन्हा घ्यावा. आयजीएम पॉझिटिव्ह आणि लक्षणे जुळणारी: संसर्ग अलीकडचा असण्याची शक्यता बरीच आहे, विशेषतः मुलांत आणि तरुणांत. पण आयजीएम महिनोन्‌महिने टिकू शकते, म्हणून मागच्या काही महिन्यांत असाच आजार होऊन गेला का, हे विचारावे. प्रौढांत, विशेषतः मायकोप्लाझ्माचा संसर्ग पूर्वी होऊन गेलेल्यांत, नव्या संसर्गातही आयजीएम अनेकदा वाढत नाही आणि थेट आयजीजी वाढते. त्यामुळे पन्नाशीच्या रुग्णात केवळ आयजीएम मागवून ते निगेटिव्ह म्हणून सोडून देणे ही घोडचूक ठरते. एकटे आयजीजी पॉझिटिव्ह: पूर्वी कधीतरी या जंतूशी गाठ पडली होती, एवढेच. आजच्या खोकल्याचे कारण त्यावरून ठरत नाही.

चौपट वाढ म्हणजे काय, हेही नीट समजून घ्यावे. पहिला टायटर १:३२ आणि दुसरा १:१२८ असेल, तर दोन पायऱ्या वाढल्या आणि ती चौपट वाढ झाली. १:३२ वरून १:६४ ही एकच पायरी आहे. तोच नमुना दोनदा तपासला तरी एवढा फरक पडू शकतो, म्हणून तिला अर्थ देऊ नये. एलायझा या चाचणीपद्धतीच्या अहवालात टायटरऐवजी निर्देशांक येतो. ०.८ वरून ३.२ झाला म्हणून ‘चौपट’ असे म्हणता येत नाही, कारण निर्देशांक त्या प्रमाणात सरळ वाढतोच असे नाही. त्या किटचे निकष प्रयोगशाळेला विचारावेत. ‘संदिग्ध’ पट्ट्यातील निकालाला ना पॉझिटिव्ह समजावे, ना निगेटिव्ह. एक-दोन आठवड्यांनी नवा नमुना घ्यावा.

चाचणी कोणाची केली जाते, याचाही निकालावर मोठा परिणाम होतो. समजा, एखाद्या चाचणीत खऱ्या रुग्णांपैकी ८० टक्के पॉझिटिव्ह येतात आणि आजार नसलेल्यांपैकी १० टक्के चुकून पॉझिटिव्ह येतात. खोकणाऱ्या १०० जणांपैकी १० जणांनाच खरा संसर्ग असेल, तर ८ खरे आणि ९ खोटे असे १७ निकाल पॉझिटिव्ह येतील, म्हणजे अर्ध्याहून अधिक चुकीचे. त्याच १०० जणांत ५० खरे रुग्ण असतील, तर ४० खरे आणि ५ खोटे येतील. साध्या सर्दी-खोकल्यासाठी ‘करून तर पाहू’ म्हणून ही चाचणी लिहू नये, ती याचसाठी.

*पडताळणी : अहवाल, लक्षणे आणि एक्स-रे एकमेकांशी जुळत नसतील, तर रुग्ण पुन्हा तपासावा. औषध निव्वळ अहवालावरून सुरू करू नये, तसेच रुग्ण सुधारत असताना ते अहवालावरून बंदही करू नये.*

बरे झाल्यानंतर

निदान पक्के झाले आणि उपचार पूर्ण झाले की ‘आयजीएम निगेटिव्ह होईपर्यंत’ पुन्हा पुन्हा रक्त तपासू नये. प्रतिपिंडांची पातळी उतरायला महिने लागतात आणि तिचा बरे होण्याशी थेट संबंध नसतो. ताप गेला का, धाप कमी झाली का, भूक परत आली का, हे पाहावे. खोकला मात्र ताप उतरल्यानंतरही काही आठवडे रेंगाळू शकतो. ताप परत आला, छातीत दुखू लागले, वजन घटू लागले किंवा बेडक्यातून रक्त पडले, तर जुन्या अहवालावर विसंबून न राहता क्षयरोगासह इतर कारणांचा शोध नव्याने सुरू करावा, आणि तेव्हा आधीच्या दोन्ही नमुन्यांच्या तारखा, चाचणीची पद्धत आणि घेतलेली औषधे लिहिलेला कागद डॉक्टरांच्या हाती द्यावा.